हेगड्यांचा धबधबा

पोट भरलेलं असताना माणसाने कोणाला शब्द देऊ नये, असं विघ्नेश्वर हेगडे आता म्हणतात. पण आता म्हणून काय उपयोग? शब्द दिला तेव्हा त्यांच्या पानात तिसरी होळिगे, म्हणजे पुरणपोळी, पडलेली होती, तिच्यावर तुपाची धार चालू होती आणि शेजारी सुपारी सोसायटीचे अध्यक्ष शिवराम भट मांडी घालून बसले होते. वाढप्याला ‘पुरे’ म्हणता म्हणता अध्यक्ष सहज बोलून गेले की यंदा सोसायटीला पन्नास वर्षं झाली, तेव्हा कॅलेंडरवर देव नको. देव सगळेच लावतात. आपण धबधबा लावू. हुबळीच्या छापखानेवाल्याकडे तयार धबधबे आहेत, एकापेक्षा एक.

“तयार धबधबे?” हेगड्यांचा घास हातातच राहिला. “अहो, गावात हालब्बी कोसळतोय आणि आपण हुबळीहून पाणी आणणार?”

“हालब्बीचा चांगला फोटो आहे का कोणाकडे?”

“मी देतो काढून.”

पंगतीत कोणीतरी हसलं आणि लगेच ताक मागून ते हसू झाकलं. अध्यक्षांनी मात्र मान डोलावली. “द्या. खाली तुमचं नाव घालू. छायाचित्र : विघ्नेश्वर हेगडे.”

तिथेच हेगडे संपले. हा गृहस्थ गेली कित्येक वर्षं सोसायटीच्या प्रत्येक सभेत आभार मानत आला होता. आभार मानणाऱ्याचं नाव पत्रिकेत सगळ्यात खाली असतं, आणि तो उठून उभा राहतो तेव्हा लोक आपापल्या चपला शोधत असतात. त्यात काही कमीपणा आहे असं नाही. पण खोऱ्यातल्या घराघरात, देवघराशेजारच्या भिंतीवर, वर्षभर आपलं नाव टांगलेलं असावं, एवढीच एक इच्छा या जन्मी उरलेली असेल तर ती फार मोठी म्हणता येणार नाही. हेगड्यांना ती त्या दिवसापासून झोपू देईना.

कॅमेरा घरात होता. बंगळुरूच्या भाच्याने, प्रसन्नने, नवा घेतल्यावर जुना मामाला दिला होता. मामांनी तो गणपतीच्या कपाटात ठेवून दोनदा हळदकुंकू वाहिलं होतं. यापलीकडे त्याचा वापर झालेला नव्हता. त्यांनी भाच्याला फोन लावला.

“मामा, हालब्बीचं तोंड पूर्वेला आहे ना?” प्रसन्न म्हणाला. “मग समोरच्या डोंगरावरून सूर्य वर यायच्या आत तिथे पोचायचं. उजाडलेलं असतं पण ऊन आलेलं नसतं, तेवढाच वेळ तुमचा. एकदा ऊन पाण्यावर पडलं की संपलं. नुसता पांढरा डाग येईल.”

“आणि संध्याकाळी काढला तर?”

“संध्याकाळी तिथे डोंगराची सावली. पाणी दिसणारच नाही. पहाटेच जा.”

पहाटे जा! सांगायला काय जातं बंगळुरूत बसून? हालब्बीची वाट गावाबाहेरून जात नाही, ती तीन घरांच्या अंगणातून जाते. पुढे सुपारीच्या बागा, मग जंगल, मग धबधबा. आणि या खोऱ्यात कोणी कोणाच्या अंगणातून नुसतं चालत जात नाही. ओसरीवरून हाक येते, “या, आसरिगे काय घेणार?” आसरिगे म्हणजे तहानेला. मग पायरीवर टेकायचं, गूळपाणी, कषाय, ताक, जे पुढे येईल ते प्यायचं, चार शब्द बोलायचे आणि मग उठायचं. एरवी हे न करता पुढे गेलेला माणूस हेगड्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. तसे ते स्वतः होतील हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

पहिल्या दिवशी हेगडे चांदण्या विझता विझता निघाले. पहिलं घर परमेश्वर भटांचं. भट पौरोहित्य करतात आणि त्यांना न कळणारा विषय अजून सापडलेला नाही. कषायाचा पेला हातात देऊन ते म्हणाले, “फोटो काढताय, फार उत्तम. पण नुसतं पाणी काय बघायचं माणसाने? पुढे गाय उभी करा. आमची गौरी घेऊन जा. स्वभावाने गरीब आहे.”

“भटजी, तिथे दगडांवर माणसाला उभं राहता येत नाही.”

“म्हणूनच सांगतो. तिला चार पाय आहेत.”

दुसरं घर तिमण्णा हेगड्याचं, म्हणजे चुलतभावाचं. पाटाच्या पाण्यावरून दोन घरांत अबोला होता, तो यंदाच्या चवथीला मिटला होता. त्याच्या हातचं कोकमाचं सरबत नाकारणं म्हणजे पाट पुन्हा कोर्टात नेण्यासारखंच होतं. हेगडे ते प्याले. भटांकडे पिऊन आलेत हे कळल्यावर तिमण्णाने दुसरा पेला भरला आणि हेगडे तोही प्याले. तिसऱ्या घरी गंगक्का एकटी राहते, आणि एकटं राहणाऱ्या बाईच्या दारावरून न बसता जाण्याएवढं पाप नाही. “तम्मा, दोन घरी प्यालास, मग माझ्याकडे खायला हवंस,” असं धाकट्या भावाला सांगावं तसं सांगून तिने तव्यावर घावनासारखे पातळ तेळ्ळेवु घालायला घेतले. एक तेळ्ळेवु खाऊन उठलेला मनुष्य या खोऱ्यात जन्माला यायचा आहे.

हेगडे धबधब्यावर पोचले तेव्हा सूर्य समोरच्या डोंगरावर पाय सोडून बसला होता. त्यांनी तरी फोटो काढला. घरी येऊन पाहिला. दोरीवर धोतर वाळत घातलंय आणि ते वाऱ्याने हललंय, असं काहीसं आलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते आणखी लवकर निघाले. भट अंगणात दात घासत उभेच होते. “आज बरेच लवकर निघालात!” त्यांना मनापासून आनंद झाला. “मग आज निवांत बसता येईल.”

फोटो हलतो याला इलाज होता. प्रसन्नने तिवई लागेल म्हणून सांगितलं होतं. गावच्या सुताराने सुपारीच्या खोडाच्या फळ्या तासून तीन उंच पायांची तिवई करून दिली. ती दिसायला हेगड्यांपेक्षा भक्कम होती. पण ती घेऊन ते जंगलाच्या फाटकाशी गेले तर जंगलखात्याचा गार्ड आडवा आला.

“हातात कॅमेरा असला की हौस,” तो म्हणाला. “तिवई असली की शूटिंग. शूटिंगला तालुक्याची परवानगी लागते.”

हेगडे तालुक्याला गेले. कचेरीतल्या बाईंनी शूटिंगचा अर्ज भरायला घेतला आणि विचारलं, “नायकाचं नाव?”

“नायक नाही.”

“नायिका?”

“बाई, धबधबा आहे. नुसता धबधबा.”

बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. “नायिका नाही, गाणं नाही, मग शूटिंग कसलं? याला परवानगी लागतच नाही.” “मग तसं लिहून द्या.” “जी परवानगी लागत नाही ती लिहून कशी देणार?” या प्रश्नाला वेदान्तातसुद्धा उत्तर नसावं. हेगडे परत आले. त्यांचा चेहरा पाहून गार्डलाच दया आली. “असं करा, कापडात गुंडाळून आणा. मला तिवई दिसली नाही म्हणजे झालं.”

आता छपाईची तारीख डोक्यावर आली होती. अध्यक्षांनी दोनदा निरोप पाठवला होता, दुसऱ्या निरोपात हुबळीचं नाव होतं. त्या रात्री हेगड्यांनी मनाशी निश्चय केला. उद्या कोणाच्याही पायरीला टेकायचं नाही. कोणाशी बोलायचं नाही, कारण बोललं की बसावं लागतं. हात जोडायचे आणि चालायला लागायचं. राग येईल, येऊ दे. कॅलेंडर लागलं की सगळे विसरतील.

पहाटे ते थंड पाण्याने अंघोळ करून, ओल्या केसांनी, उघड्या डोक्याने निघाले. धुतलेल्या पांढऱ्या धोतरात गुंडाळलेले तिवईचे लांब पाय खांद्यावर होते. त्यांच्या पत्नी कमलाक्षीबाई गोठ्यात होत्या. नव्वदी गाठलेल्या थोरल्या काकू, ज्यांना सगळं गावच दोड्डम्मा म्हणतं, आतल्या खोलीत झोपल्या होत्या.

“अहो हेगडे, या! आसरिगे?” भटांनी हाक मारली.

हेगड्यांनी मान हलवली, हात जोडले आणि ते थांबले नाहीत.

भटांच्या हातातला तांब्या तसाच राहिला. “हेगडे? घरी… दोड्डम्मा बऱ्या आहेत ना?”

आता याला उत्तर दिलं की पुढे दोड्डम्माचं औषध, वैद्य आणि भटांच्या आजीचं शेवटचं आजारपण हे सगळं ओघाने आलंच. हेगड्यांनी पुन्हा हात जोडले, मान खाली घातली आणि पावलं भराभर उचलली. तिमण्णाच्या अंगणातही तेच केलं. गंगक्का तर धावत पाठीमागे आली, तिला त्यांनी लांबूनच नमस्कार केला. मागून तिचा हुंदका ऐकू आल्यासारखं वाटलं, पण तेळ्ळेवु नाकारले म्हणून एवढं कोणी रडत नाही, असं समजून ते पुढे गेले.

खोऱ्यात पहाटे कोणाच्याही दारी न बसणारा, पाण्याचा थेंब न घेणारा आणि तोंडाने काही न बोलणारा माणूस एकाच कामाला निघालेला असतो. तो मृत्यूची वर्दी घेऊन चाललेला असतो. हे हेगड्यांना लहानपणापासून माहीत होतं. पण त्या क्षणी त्यांच्या डोक्यात फक्त उजेड होता.

आणि उजेड मिळाला. हे मात्र लिहून ठेवलं पाहिजे, कारण या सगळ्या हकिकतीत चांगलं असं एवढंच घडलं. ते पोचले तेव्हा दरीत धुकं होतं आणि हालब्बीचं नुसतं ऐकू येत होतं. मग धुकं हळूहळू पातळ झालं. काळे ओले कातळ दिसू लागले, त्यांच्यावरून राखाडी निळसर पाणी कुठे दाट, कुठे सुतासारखं उतरत होतं, आणि प्रत्येक धार वेगळी दिसत होती. लहानपणापासून याच पाण्यात पोहूनसुद्धा हेगड्यांनी ते असं कधी पाहिलं नव्हतं. तिवई हलली नाही. ते काढत राहिले. मग समोरच्या डोंगराची कड पेटली, उन्हाची तिरीप कातळाच्या माथ्याला लागली आणि खेळ आटोपला. हेगड्यांनी फोटो मागे नेऊन पाहिले. आला होता! हालब्बी जसाच्या तसा आला होता. ते दगडावर बसले आणि त्यांना रडू आलं.

परतताना गंगक्काच्या दाराला कडी. तिमण्णाच्या ओसरीवर कुत्रंसुद्धा नाही. भटांकडे देवपूजा अर्धी टाकलेली. आज कोणी हाक मारत नाही याचं हेगड्यांना आधी बरं वाटलं, मग थोडं वाईट वाटलं, आणि ते आपल्या घराच्या वळणाशी आले. अंगणात अख्खं खोरं उभं होतं. दोघं जण चितेच्या लाकडांसाठी आंब्याच्या झाडाकडे बघत कुऱ्हाडीची धार चाचपत होते. घरातून कमलाक्षीबाईंचा आक्रोश येत होता.

“दोड्डम्मा!” हेगडे ओरडले आणि तिवईसकट धावत सुटले. “दोड्डम्मा गेली! आणि मी इथे नव्हतो!”

गर्दीने वळून पाहिलं. ओसरीवर खांबाला टेकून, कमलाक्षीबाईंच्या गळ्यात गळा घालून एक म्हातारी रडत होती, ती दोड्डम्माच होती.

मागाहून सगळं जुळवावं लागलं ते असं. भटांना दोड्डम्मा गेल्याचं कळलं, त्यांनी तिमण्णाला सांगितलं, आणि सगळे जमले. कमलाक्षीबाई गोठ्यातून बाहेर आल्या तर अंगणभर पडलेले चेहरे. नवरा पहाटे धबधब्यावर गेलेला. त्यांना दुसरं काय वाटणार? त्यांनी हंबरडा फोडला, आणि तो ऐकून गर्दीची उरलीसुरली शंका फिटली. दोड्डम्माला ऐकू कमी येतं. ती बाहेर आली, सुनेला रडताना पाहिलं आणि “माझ्या आधी माझा माणी गेला!” म्हणून ऊर बडवू लागली. दोड्डम्माच्या लेखी साठीतले हेगडे अजून माणी, म्हणजे पोरगंच. जिच्यासाठी आपण आलो ती स्वतः कोणासाठी रडतेय, हे कोणाला कळेना, आणि असल्या वेळी विचारायचं तरी कसं?

“मेलं कोण?” शेवटी दोड्डम्माने डोळे पुसून विचारलं.

“कोणीच नाही,” हेगडे म्हणाले. “मी फोटो काढायला गेलो होतो.”

त्यावर भट जे बोलले ते पौरोहित्य करणाऱ्याच्या तोंडी शोभणारं नव्हतं. तिमण्णा एवढंच म्हणाला, “भावा, पाट अडवलास ते परवडलं होतं.” गंगक्का कपाळावर हात मारून खाली बसली. पण दोड्डम्माला मात्र आपण मेलो होतो हे कळल्यावर फार उत्साह आला. मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं. “कोण कोण रडलं?” तिने विचारलं. तेवढ्यात शिरसीहून जीप भरून कमलाक्षीबाईंचा भाऊ गजानन पोचला. तो जीपमधून रडतच उतरला आणि दोड्डम्माच्या पाया पडून वर बघेपर्यंत रडतच होता.

आता एवढे लोक उपाशी कसे पाठवायचे? चुली पेटल्या. सुतकाची बातमी खोटी ठरली म्हणून पायस झालं. हेगडे अंगणभर माफी मागत फिरत होते. एका हाताने कॅमेरा छातीशी धरला होता, तेवढाच आधार होता.

“सगळे आलेच आहेत तर माझ्याबरोबर फोटो काढा,” दोड्डम्माने हुकूम सोडला. “खरी जाईन तेव्हा मला दिसणार आहेत का हे लोक?”

कॅमेरा गजाननने घेतला. गजाननचं मोबाइलचं दुकान आहे, त्यामुळे बटण असलेल्या कुठल्याही वस्तूला तो बिचकत नाही. हेगडे दोड्डम्माशेजारी उभे राहिले. गजाननने कॅमेऱ्यात पाहिलं, काहीतरी दाबलं, पुन्हा दाबलं.

“भावोजी, जागा भरलीय म्हणत होता. केली मी मोकळी.”

“कशी मोकळी केलीस?”

“सगळे पाण्याचेच होते हो, एकसारखे. काढून टाकले. एक ठेवलाय आठवणीला.”

जो ठेवला होता त्यात दोरीवर धोतर वाळत घातलेलं होतं.

हेगडे ओरडले नाहीत. ओरडणार कसे? त्यांनी सकाळपासून सगळ्यांना रडवलं होतं. ते मागच्या खळ्यात जाऊन सुपारीच्या ढिगाऱ्याशी बसले. कमलाक्षीबाई मागोमाग आल्या. त्यांचे डोळे अजून सुजलेले होते.

“गेला फोटो?”

“गेला.”

“मला वाटलं होतं, तुम्हीच गेलात,” त्या म्हणाल्या आणि त्यांच्या शेजारी बसल्या. हेगड्यांना लाज वाटली. पण फोटोचं दुःख त्याने तिळभरही कमी झालं नाही, आणि याची त्यांना आणखी लाज वाटली.

पुन्हा काढता आला असता, असं कोणीही म्हणेल. हेगडेही म्हणाले. दुसऱ्या पहाटे ते निघाले. भट अंगणात हात पसरून उभे होते. “विघ्नेश्वरा, आधी बसायचं. आमच्या देखत पोटभर प्यायचं. म्हणजे सगळे जिवंत आहेत हे आम्हाला कळेल.” तिमण्णाने फाटकाला कुलूपच घातलं होतं, दोन पेले संपल्यावर उघडलं. गंगक्काने तेळ्ळेवु मोजले नाहीत. रोज हेच. जितक्या घाईने निघावं तितका लोकांना जास्त संशय येई आणि तितकं जास्त पाजत. हेगडे पहाटे निघून धबधब्यावर भर उन्हात ढेकर देत पोचायचे. एके दिवशी ते तिवई गंगक्काच्याच ओसरीवर ठेवून परत फिरले. तिने तिच्यावर वाल वाळत घातले.

अध्यक्षांना त्यांनी जाऊन सांगितलं, “फोटो नाही जमला. हुबळीचाच लावा.” अध्यक्ष म्हणाले, “काळजी करू नका.” हे शब्द ऐकल्यावर तरी माणसाने काळजी करायला हवी होती.

कॅलेंडर घरोघर गेलं. वर भला मोठा धबधबा, खांबासारखा सरळ. त्याच्या दोन्ही बाजूंना टोकदार झाडं, तसली झाडं या खोऱ्यात कोणाच्या पणजोबांनीही पाहिली नाहीत. मागे बर्फाचा डोंगर. आणि खाली, सुबक अक्षरांत : छायाचित्र : विघ्नेश्वर हेगडे.

हेगडे धावत अध्यक्षांकडे गेले. “अहो, माझं नाव कसं काय?” “नाव आधीच जुळवून झालं होतं,” अध्यक्ष म्हणाले. “चित्र तेवढं बदललं. राहू द्या हो, कष्ट तर तुमचेच.”

भट भेटले. “मी म्हणत होतो गाय उभी करा. पण गाईशिवायही बरा आलाय हो!” तिमण्णा बर्फावर बोट ठेवून म्हणाला, “भावा, धुकं काय पकडलंस!” गंगक्काने टोकदार झाडं निरखून पाहिली आणि विचारलं, “तम्मा, हे आमच्या बांधावरचं ना?”

“गंगक्का, हा हालब्बी नाही. हा फोटो मी काढलेला नाही. हा कुठला धबधबा आहे तेच मला ठाऊक नाही.”

“बघा,” गंगक्का भटांना म्हणाली, “एवढं करून याला गर्व म्हणून नाही.”

हेगड्यांनी महिनाभर प्रत्येकाला खरं सांगून पाहिलं. एकाचाही विश्वास बसला नाही. या लोकांनी जन्म हालब्बीच्या आवाजात काढला होता, आणि त्याचं तोंड एकालाही ओळखता येत नव्हतं, याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं. दोड्डम्माने तर कॅलेंडर आपल्या पलंगासमोर लावून घेतलं. आल्यागेल्याला ती दाखवायची, “मी मेले होते ना, त्या दिवशी माझ्या माणीने काढला हा.”

पुढे एकदा मंगळूरचे पाहुणे आले, शिकलेसवरलेले, गळ्यात कॅमेरा. त्यांनी भिंतीकडे बराच वेळ पाहिलं, खालचं नाव वाचलं आणि आदराने वळून विचारलं, “हेगडे, असा उजेड कोणत्या वेळी मिळाला तुम्हाला?”

हेगड्यांनी खरं सांगायला तोंड उघडलं.

“ऊन यायच्या आधी,” ते म्हणाले. “समोरचा डोंगर सूर्याला थोडा वेळ अडवून धरतो ना, तेवढ्यात. आधी धुक्यात काही दिसत नाही, नुसतं पाणी ऐकू येतं. मग काळे कातळ वर येतात. पाणी तेव्हा पांढरं नसतं बरं का, राखाडी निळसर असतं. एकेक धार वेगळी मोजता येते. मी तिथे दगडावर बसून रडलो होतो.”

यात एक अक्षर खोटं नव्हतं. पाहुणे भिंतीवरच्या बर्फाकडे बघत मान डोलावत होते.

“हो ना,” ते म्हणाले, “दिसतंय.”